अर्धे मिटलेले डोळे

डोळे उघडले तेव्हा सगळे उभे होते आणि मी एकटीच आडवी होते. पाठ सतरंजीवर, तळवे वर, आणि माझ्याभोवती पायांचं कडं: खानावळवालीचे रुंद, भेगाळलेले पाय, आमच्या टीचरचे बारीक अनवाणी पाय, मिशीवाल्यांच्या खुर्चीची चाकं. रस्त्यात एखादी बाई चक्कर येऊन पडली की लोक जमतात तसे जमले होते, फक्त घाबरलेलं कुणी नव्हतं. उलट सगळे हसत होते. कळलं यांना, एवढंच मनात आलं. इतकी वर्षं जपलं, घरात जपलं, कामावर जपलं, आणि शेवटी एका फुकटच्या योगवर्गात डुलकी लागून सगळं बाहेर आलं. मी उठून बसले, केस सारखे केले, आणि जे हसू मी कायम तयार ठेवते ते तोंडावर चढवलं. टीचर माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. खिडकीचा उजेड तिच्या तोंडावर पडला, म्हणून ती काय म्हणाली ते मला समजलं. "मावशी, किती हाका मारल्या तुम्हाला. सगळे उठले, सतरंज्या गुंडाळल्या, खुर्च्या सरकवल्या, तरी तुम्ही हलला नाहीत. इतकी शांतता मी अजून कुणात बघितली नाही." मग ती मान वळवून बाकीच्यांना काहीतरी म्हणाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या मला दिसल्या. त्या दिवसापासून वर्गात माझं नाव 'समाधी' पडलं.

खरी गोष्ट अशी की मला ऐकू येत नाही. डावा कान कामातून गेलेला आहे, आणि उजव्यात जे येतं ते शेजारच्या घरातलं भांडण भिंतीतून यावं तसं येतं. कोणीतरी चिडलंय हे कळतं, कशावरून ते कळत नाही. हे काही एका दिवसात झालं नाही. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग दाराची घंटा, मग फोनवरची माणसं एकेक करून गेली आणि मी सगळ्यांना सांगायला लागले की मला बाई लिहून पाठवलेलं आवडतं, निवांत वाचता येतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कान तपासून आले, तिथे दिलेलं यंत्र कपाटात लोकरीच्या कपड्यांखाली ठेवलं. ते लावलं असतं तर थोडंफार ऐकू आलं असतं आणि सगळ्यांना दिसलं असतं. मला पहिलं हवं होतं, पण दुसरं नको होतं. म्हणून मी ओठ वाचायला शिकले, कोणी शिकवलं नाही, आपोआप शिकले. वर्गात मात्र ओठांचा उपयोग नव्हता, कारण तिथे डोळे मिटायचे असतात. शवासनात माझी एक युक्ती होती. पापण्या जवळजवळ मिटायच्या, मध्ये केसाएवढी फट ठेवायची, आणि त्या फटीतून शेजारणीच्या खांद्याकडे बघत राहायचं. खांदा हलला की आपणही कुशीवर वळायचं. सगळे विश्रांती घ्यायचे तेव्हा मी पहारा करायचे. त्या दिवशी, मी कामाला आहे त्या दातांच्या दवाखान्यात, सकाळपासून एका पेशंटची हट्टी अक्कलदाढ निघता निघत नव्हती, मी दमून गेले होते, आणि पहारेकऱ्यालाच झोप लागली.

माझे वडील ठार बहिरे होते. दुकानांच्या पाट्या रंगवायचे, अक्षर असं की लोक दुकानात शिरायच्या आधी पाटीच बघत उभे राहायचे. घरात चार माणसं जमली की त्यांना सगळ्यांत चांगली खुर्ची मिळायची. त्या खुर्चीत ते ताठ बसायचे आणि हसरा चेहरा ठेवायचे. कोणी काहीतरी बोललं, बाकीचे खो खो हसले की ते माझ्या आईकडे बघून विचारायचे, काय झालं? आई हसू आवरत हात हलवायची. काही नाही. काका पण तेच, काही नाही हो दादा. हे दोन शब्द ते कुणाच्याही ओठांवर ओळखायचे. त्यांच्या मागे उभं राहून त्यांना वाटेल ते बोलायचं हा आमच्या चुलतभावंडांचा खेळ होता, आणि आम्ही घर बदलणार हे वडिलांना सामान बांधायला लागल्यावर कळलं. हातात दोरी घेऊन ते उभे होते, मला आठवतं, आणि कुठल्या खोलीतली ट्रंक बांधू एवढंच त्यांनी विचारलं. पुढे पुढे ते काय झालं हे विचारेनासे झाले. सगळे म्हणायचे, स्वभाव किती शांत झालाय. वडील काही दुष्ट माणसांत राहत नव्हते. आम्ही सगळे चांगलेच होतो, फक्त घाईत होतो. माझी पहिली हाक हुकली त्या दिवशी मला आधी ती खुर्ची दिसली, आणि मी ठरवून टाकलं की काही झालं तरी तिच्यात बसायचं नाही.

आता असं वाटेल की ज्या वर्गात डोळे मिटून ऐकायचं असतं तिथे बहिऱ्या बाईनं जावंच कशाला. मला खानावळवालीनं ओढून नेलं होतं. तिची खानावळ आमच्या दवाखान्याच्या खाली आहे. तिला एका मोठ्या योगकेंद्रात दारातच सांगितलं होतं की तुमच्या मापाची जागा नाही, आणि तिथेच आमची टीचर नोकरीला होती. तिने ते ऐकलं आणि महिना भरायच्या आत नोकरी सोडली. मग सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर तिने सगळ्यांसाठी वर्ग काढला, सगळ्यांसाठी म्हणजे खरोखरच सगळ्यांसाठी. मिशीवाले हे निवृत्त वायरमन, खांबावरून पडून कमरेखाली लुळे झालेले. वाचनालयाची लिफ्ट फक्त पुस्तकांसाठी आहे असं तिथल्या साहेबांचं म्हणणं पडलं, तर टीचरनं खाली जिन्यासमोरच सतरंज्या अंथरल्या. वाचकांना आमच्यावरून पाय टाकून जावं लागायचं. साहेब रोज वरून डोकावायचे, आम्ही रोज त्यांच्या स्वागताला हात वर करून ताडासनात उभे. शेवटी कंटाळून त्यांनी लिफ्टची किल्ली काढून दिली. अशी ही मुलगी. तिच्या वर्गात आरसा नाही, कारण आरशात स्वतःला बघून कुणीतरी रडलेलं तिने बघितलं होतं. दिवे मंद, कारण उजेडात पोटं दिसतात. कुणी कुणाकडे बघायचं नाही, डोळे मिटायचे, आणि ती स्वतः समोर उभी राहायची नाही, मागून फिरत हळू आवाजात सांगायची; समोर उभं राहिलं की लोक घाबरतात म्हणे. हात लावायच्या आधी विचारायची. प्रत्येक नियम कुणाच्या तरी अपमानावरून आला होता, आणि प्रत्येक नियम माझ्या हातातली एकेक काठी काढून घेत होता. पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना गुडघे विचारले, कंबर विचारली, रक्तदाब विचारला, मनावर काही ओझं आहे का तेही विचारलं. कानाचं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

तरी मी जात राहिले, कारण तिथे कुणी गप्पा मारत नसे. दवाखान्यात, घरात, दुकानात, जिन्यात, जिथे जावं तिथे माणसं बोलत असतात आणि मला सतत त्यांच्या तोंडाकडे बघत राहावं लागतं; संध्याकाळपर्यंत माझं कपाळ दुखतं, जबडा दुखतो. आणि इथे तासभर बोलायचंच नाही असा नियम. सगळे हात एकदम वर जातात, सगळे श्वास एकदम सुटतात, त्यात माझाही असतो आणि कुणालाच फरक कळत नाही. ही जागा मला गमवायची नव्हती. कळलं असतं तर सगळे माझ्याशी मोठ्यानं, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसे बोलले असते, चार दिवस माझी काळजी घेतली असती, आणि मग हळूहळू त्यांना घाई झाली असती. म्हणून टाळ्या वाजल्या तेव्हा मी नाही म्हटलं नाही. खोटं कशाला बोलू, मला छानच वाटलं. मिशीवाले मला बघून हात जोडायला लागले, खानावळवाली तिच्या गिऱ्हाइकांना सांगायला लागली की आमच्यात एक पोचलेली बाई आहे. मी थोडा भावही खाल्ला. शवासनात शेजारणीचा खांदा हलला तरी दोन श्वास जास्त पडून राहायचं, म्हणजे समाधी शोभते. हे अंगाशी आलं ते असं. एकदा वर्ग संपल्यावर टीचर पाठमोरी उभी राहून पडदे सारत होती आणि मला काहीतरी सांगत होती. मी माझ्या पद्धतीनं हं, हं, हो, का नाही, असं म्हणत सतरंजी गुंडाळली. घरी पोचेपर्यंत वर्गाच्या ग्रुपवर तिचा निरोप आलेला. पुढच्या वेळी पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यातल्या बायका येणार आहेत. त्यांच्या साहेबांचं म्हणणं आहे की या बायकांचं कामावर लक्ष नसतं, हाक मारली तरी बघत नाहीत, परवा एकीचं बोट जाता जाता वाचलं. त्यांना मन एकाग्र करायला शिकवायचं आहे. ज्यांच्यात फरक पडणार नाही त्यांना साहेब कामावरून कमी करणार आहेत, म्हणून आपण सगळ्यांनी मनापासून मदत करायची. आणि आनंदाची गोष्ट म्हणजे समाधी मावशींनी सर्वांसमोर बसून शांततेचा धडा द्यायचं कबूल केलं आहे. खाली फुलांची चित्रं होती.

आठवडाभर मी सबबी शोधत होते. ताप येणार होता, पाहुणे येणार होते, पाठ धरणार होती. दवाखान्यात मी डॉक्टरांच्या उजव्या हाताला उभी राहते. त्यांच्या तोंडावर मास्क असतो, ओठ दिसत नाहीत, तरी आजवर माझं कधी चुकलं नाही, कारण मी हात वाचते. अंगठा आत वळला की आरसा, करंगळी उचलली की कापूस, खांदा जरा पुढे आला की थुंकीची नळी. डॉक्टर पेशंटना सांगतात, आमच्या बाईंना मनातलं कळतं. मला मनातलं काही कळत नाही, मी फक्त नजर हटवत नाही. त्या आठवड्यात पहिल्यांदाच मला वाटून गेलं की ही केवढी मेहनत आहे. दाढ काढायला भूल देतात, पेशंटचा जबडा सैल पडतो, आणि त्या खुर्चीतल्या अनोळखी माणसाचा मला हेवा वाटला. मी ज्याला शांतता म्हणून मिरवत होते त्यात मी एक क्षण शांत नव्हते. आणि आता मी दुसऱ्यांना शांत बसायला शिकवणार होते. हसावं की रडावं.

वर्गाच्या आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. अजून बाहेर उजेड होता. हे आत आले, आधी दिवा लावला, माझ्यासमोर ओट्याला टेकून उभे राहिले आणि मग म्हणाले, उद्या तुझा सत्कार आहे म्हणे. हे गाडी चालवायला शिकवतात. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून ब्रेक, ब्रेक असं ओरडून यांचा आवाज मोठा झालाय, त्यामुळे घरात माझं निभावतं असं मी समजत होते. पण त्या दिवशी माझं लक्ष दिव्याकडे गेलं. खिडकीतून लख्ख उजेड येत असताना दिवा कशाला? मग आठवलं की हे नेहमीच असं करतात. जिन्यात, बाल्कनीत, झोपायच्या खोलीत, काही सांगायचं असलं की आधी बटण दाबतात.

"अहो, तुम्ही बोलायच्या आधी दिवा का लावता?"

"तुला तोंड दिसावं म्हणून." जणू काही भाजीत मीठ का घालतात असं मी विचारलं होतं.

"कधीपासून?"

"झाली की पाचसहा वर्षं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. मग सवय झाली." त्यांनी चिरलेल्या गाजराचा एक तुकडा तोंडात टाकला. "गाडीत मी रस्त्याकडे बघून बोलतो तेव्हा तू हं हं करतेस ना, तेव्हा मी तुला काय काय विचारून घेतलंय. दोनदा नवीन गाडी घ्यायला हो म्हणालीस."

मला राग आला. इतका आला की मी भांडी घासायला घेतली आणि ती मुद्दाम आपटली. मला काही फरक नव्हता, पण यांचा चेहरा प्रत्येक आपटण्याला मिटत होता, त्यानं बरं वाटलं. सगळं जपून ठेवलं म्हणून मी स्वतःची पाठ थोपटत होते आणि हा माणूस रोज माझ्यासाठी दिवे लावत फिरत होता. राग ओसरल्यावर लक्षात आलं की त्यांनी मला कधी कोपऱ्यात बसवलं नव्हतं. पाचसहा वर्षं त्यांना माहीत होतं आणि पाचसहा वर्षं ते माझ्याशी भांडले होते, बाजारातून वांगी किडकी आणली म्हणून बोलले होते, सिनेमाला नेऊन बाहेर आल्यावर शेवट काय झाला यावर वाद घातला होता. मी कपाटातलं यंत्र काढलं नाही. पण सबब शोधायची थांबवली.

कारखान्यातल्या बायका रांगेनं आल्या, सगळ्यांच्या अंगावर निळे डगले, बटणं गळ्यापर्यंत. त्यांच्याबरोबर त्यांची मुकादमबाई होती, पिकल्या केसांची, रुंद हाडाची. ती बसली नाही, मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. टीचरनं मला खिडकीजवळ सगळ्यांकडे तोंड करून बसवलं. मग दिवे मंद केले, मागे गेली, आणि सगळ्या पापण्या मिटल्या तसं मला कळलं की तिनं सुरुवात केली. मी त्या वर्गात कधीच समोरून बसले नव्हते. समोरून सगळं निराळंच दिसतं. खानावळवालीनं एक डोळा उघडून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पुन्हा साधूसारखा चेहरा केला. मिशीवाल्यांची मान कलंडली होती. मला हसू आलं, ते मी ओठ दाबून आवरलं. मग माझी नजर निळ्या डगल्यांवर गेली. पहिल्या रांगेत एक किडकिडीत बाई होती, हातावर भाजल्याचा जुना डाग. तिच्या पापण्या मिटल्यासारख्या होत्या, पण पुरत्या मिटल्या नव्हत्या. केसाएवढी फट होती. त्या फटीतून ती शेजारणीच्या खांद्याकडे बघत होती. शेजारीण तिच्या पलीकडचीकडे बघत होती, ती तिच्या पलीकडचीकडे. रांगेच्या टोकाला एक कोवळी मुलगी बसली होती, नुकतीच कामाला लागली असावी, तिचे डोळे खरोखर मिटलेले होते. तिनं हात उचलला की पाण्याची बादली हातोहात यावी तसा तो हात रांगेतून सरकत सरकत किडकिडीत बाईपर्यंत यायचा. मी बघतच राहिले. ही युक्ती मी एकटीनं शोधून काढली आहे असं मला वाटत होतं.

मुकादमबाईलाही ते दिसलं. ती पुढे आली आणि टीचरला बोटानं त्या किडकिडीत बाईकडे दाखवून काहीतरी म्हणाली. अंधुक उजेडात, तेवढ्या लांबून, तिचे ओठ मला स्वच्छ वाचता आले. इतकं तोंड उघडून बोलणारं माणूस माझ्या पाहण्यात नव्हतं. "बघा, ही अशी. सांगितलं तरी डोळे मिटत नाही. कामावर हेच. हिचं काही होणार नाही." टीचरनं समजुतीनं मान हलवली आणि माझ्याकडे हात केला, आता मावशी दाखवतील, असं काहीसं. सगळ्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मला फक्त डोळे मिटायचे होते. डोळे मिटून दोन श्वास जास्त बसले असते तर सगळं निभावून गेलं असतं, मी समाधीची समाधी राहिले असते, आणि ती बाई काम जाऊन घरी बसली असती. तिचे आणि माझे कान सारखेच होते. माझ्या बाबतीत त्याला खोल ध्यान म्हणत होते आणि तिच्या बाबतीत लक्ष नसणं. माझ्या अंगावर दिवसभर दवाखान्याचा पांढरा कोट असतो आणि तिच्या अंगावर निळा डगला होता, एवढाच काय तो फरक. मला वडिलांची खुर्ची दिसली. खूप भीती वाटली.

"मला ऐकू येत नाही," मी म्हटलं. आवाज किती मोठा लागला कोण जाणे, खानावळवाली बसल्या जागी उडाली. "मी ध्यानात वगैरे नव्हते. झोपले होते. हाका मला ऐकूच आल्या नाहीत. मी रोज शवासनात चोरून बघते. या बायका पण तेच करतायत, जरा बघा त्यांच्याकडे."

पुढे काय झालं ते मला नीट सांगता यायचं नाही, कारण सगळेच एकदम बोलायला लागले आणि मी कुणाकुणाची तोंडं बघणार. टीचरनं जाऊन सगळे दिवे लावले, एकूण एक. आरसा नव्हता तरी सगळ्यांची पोटं दिसली, डगले दिसले, सतरंज्यांवरचे डाग दिसले. ती माझ्यासमोर येऊन बसली, तिचे डोळे भरले होते. "मी गुडघे विचारले," ती म्हणाली, "कंबर विचारली. हे नाही विचारलं." मी म्हटलं, मी तरी कुठे सांगितलं. तेवढ्यात मिशीवाले चाकं ढकलत माझ्यापुढे आले आणि बोलायला लागले. त्यांची मिशी वरच्या ओठावर छपरासारखी उतरलेली आहे. इतक्या महिन्यांत त्यांचं एक अक्षर मला कळलेलं नव्हतं, ते मी सांगून टाकलं. त्यांनी दोन्ही हातांच्या बोटांनी मिशी वर उचलून धरली.

"आता?"

"आता कळतंय."

"मग माझ्या विनोदांना हसत होतात ते?"

"बाकीचे हसले की हसायचे."

"म्हणजे बाकीचे हसत होते," मिशी धरून ते म्हणाले, "विनोद वाईट नव्हते."

खानावळवाली म्हणाली की घड्याळाकडे ती रोजच बघते, तिची कढई चुलीवर असते. मग आणखी एकानं काहीतरी सांगितलं, मला दिसलं नाही, सगळे हसले. मी विचारायच्या आतच खानावळवालीनं माझा दंड धरून मला तिकडे वळवलं आणि तो माणूस तेच पुन्हा बोलला, पहिल्यापासून. फार काही विनोदी नव्हतं. पण मी हसले, आणि जबडा इतका सैल सुटला की मला एकदम दमल्यासारखं झालं. हलकं, सुटीच्या दिवशी दमावं तसं. किती हायसं वाटलं ते कसं सांगू. मी घाबरत होते त्यातलं एकही घडलं नव्हतं, निदान त्या दुपारी तरी.

निळे डगले मात्र तसेच बसले होते. टीचरनं त्यांना काहीतरी विचारलं, कुणी हललं नाही. मी उठून किडकिडीत बाईसमोर जाऊन बसले, स्वतःच्या कानाला हात लावला आणि मान उंचावून विचारलं. तिनं आधी मुकादमबाईकडे बघितलं. मग हळूच हात वर नेऊन आपल्या कानावर ठेवला. तिच्या शेजारणीनं ठेवला. तिच्या पलीकडचीनं ठेवला, मागच्या रांगेतल्या बायकांनी ठेवला. शेवटी टोकाची ती कोवळी मुलगी तेवढी हात मांडीवर घेऊन बसली होती आणि सगळ्यांकडे बघून तिचा चेहरा उतरला होता. "मशीन बंद केली तरी डोक्यात चालूच राहते," किडकिडीत बाई म्हणाली. तिचेही ओठ मला सहज वाचता आले, गडगडाटात बोलायची सवय असलेले ओठ. "घरी पण. इथे अंधार करून गप्प बसवलं ना ताई, की जास्तच वाजते." टीचरनं ते ऐकलं आणि ती तिथेच सतरंजीवर बसली. तिनं विचारलं, कानात घालायला काही देत नाहीत का. बाईनं मान हलवली. मग आपण साहेबांना ते विचारू, टीचर म्हणाली, सगळे मिळून जाऊ. मिशीवाल्यांनी दोन्ही हात वर केले, मिशी खाली पडली, ते काय म्हणाले ते राहिलं. बहुधा लिफ्टचं काहीतरी असावं, कारण खानावळवाली हसत होती.

तेव्हा मुकादमबाई भिंत सोडून आमच्याकडे यायला लागली. निळे डगले आक्रसले, हात खाली आले. मलाही वाटलं की आता ही सगळ्यांना उठवून घेऊन जाणार. ती माझ्यासमोर येऊन थांबली, सगळ्यांकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तिनं कानामागे तळवा धरला आणि वाकून, कारखाना अजून चालूच असल्यासारखं मोठ्यानं, मला विचारलं, "काय म्हणालात तुम्ही? काय ठरलं?" त्या डब्यांच्या कारखान्यात ती या सगळ्यांच्या आधीपासून होती. तिच्या पाठीमागे किडकिडीत बाईनं तोंडावर हात धरला. मी मुकादमबाईला खाली बसवलं, माझं तोंड खिडकीच्या उजेडाकडे येईल असं वळून तिच्या पुढ्यात बसले आणि सांगायला लागले, माझे कान, यांचे कान, मशीन, साहेब. ती माझ्या ओठांवरून नजर काढत नव्हती. अर्ध्यावर तिनं हात वर केला.

"थांबा," ती म्हणाली. "परत सांगा."

मी परत सांगितलं.